हजेरी लावणारा पंखा

थर्मल इंजिनीअरिंगचे सर दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेले, पण त्यांची व्याख्यानं अजून नोकरीत होती. रेकॉर्ड केलेली. सर अठराव्या मिनिटाला शिंकायचे, एकतिसाव्या मिनिटाला त्यांच्या हातून खडू पडायचा, आणि तो उचलताना ते "अरे देवा" म्हणायचे. पोरांना थर्मल येत नव्हतं, पण शिंक पाठ होती.

या व्याख्यानांना प्रेक्षक मिळावेत म्हणून उपप्राचार्यांनी डोकं लढवलं आणि एक योजना काढली. नाव ठेवलं, 'आधी अभ्यास, मग विरंगुळा'. कॉलेजच्या वायफायवर दोन तास व्याख्यान पाहिलं की एक तास बाकीचं सगळं उघडायचं. गाणी, सिनेमे, गेम, ज्याला जे हवं ते. शिवाय तेच दोन तास हजेरी म्हणून लागायचे. वर्गात जायची गरजच उरली नाही, आणि तसेही वर्ग तीनच होते, त्यातला एक गळत होता. पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली गेलात की परीक्षा नाही.

पोरं फोन चालू ठेवून झोपा काढतील, हे उपप्राचार्यांना ठाऊक होतं. तेही कधीतरी पोर होते म्हणे. म्हणून दर दहा मिनिटांनी व्याख्यान थांबायचं आणि पडद्यावर चौकट यायची, "आपण ऐकत आहात ना?" खाली मधोमध एक बटण असायचं. "हो." बटण दाबलं नाही की तो तास गेला बाराच्या भावात.

या एका बटणापायी कॉलेज हैराण झालं होतं. मग प्लगने पंखा बसवला.

प्लग शेवटच्या वर्षाला होता. खिशात कायम चार्जर, वायरी आणि एक तीन तोंडांचा प्लग, म्हणून प्लग. खरं नाव हजेरीपटापुरतं. वसतिगृहाच्या तळमजल्यावर मोडक्या खाटा ठेवायची एक खोली होती आणि तिची किल्ली रेक्टरांनी त्याच्याकडे दिली होती, कारण रेक्टरांचा टीव्ही प्लगच दुरुस्त करायचा. त्या खोलीत त्याने चपलांचं चार कप्प्यांचं रॅक आणलं, वाकवून अर्धगोल केलं, आणि त्यात बत्तीस जुने फोन उभे केले. प्रत्येक फोनवर एकेका पोराचं किंवा पोरीचं लॉगिन. समोर मान हलवणारा टेबलफॅन. पाती काढून टाकलेली, फक्त मान चालू. मानेला एक काठी, काठीला चार ओले स्पंजचे तुकडे. पंखा डावीकडून उजवीकडे जायचा, स्पंज एकेका फोनच्या पडद्याला हळूच टेकायचा, आणि बत्तीस जण एकसुरात ऐकत असायचे. हो. हो. हो.

प्लग पैसे घेत नव्हता. कुणी त्याची ड्रॉइंगं काढून द्यायचं, कुणी कपडे धुवायचं, आणि सगळे त्याला जिन्यात वाट द्यायचे. आईबापाने वीस वर्षं "गाढवा" म्हटलेल्या पोराला एवढं पुष्कळ होतं. त्याचं काम एकच, रोज सकाळी दात घासले की खाली जायचं आणि स्पंज ओला करायचा.

आता गंमत बघा. महिन्याच्या चाचणीत चौकट यायची, चार पर्याय यायचे, आणि स्पंज ज्याला टेकेल ते उत्तर. बत्तीस जणांत तिसरा नंबर आला पुटपुटचा. स्वतः अभ्यास करून बसायचा तेव्हा तो दोनदा नापास झाला होता.

पुटपुट म्हणजे प्लगचा खोलीवाला. दुसऱ्या वर्षाचा, सडपातळ, स्वतःशीच काहीतरी पुटपुटत चालणारा पोरगा. एका सोमवारी सकाळी तो "जाऊन येतो" म्हणाला आणि गेला. कुठे, ते पुटपुटला असेलच, पण प्लगच्या कानात इयरफोन होते. रात्री आला नाही. मंगळवारीही नाही. न सांगता घरी जायची त्याला सवय होती, म्हणून प्लगने त्याच्या खाटेवर स्वतःचे ओले कपडे वाळत टाकले आणि प्रशस्त वाटलं म्हणून खुशही झाला.

शनिवारी सकाळी प्लग स्पंज ओला करायला खाली गेला. पुटपुटच्या लॉगिनचा फोन तिसऱ्या कप्प्यात, डावीकडून दुसरा. त्याच्यावर थर्मलचे सर थांबले होते आणि नेहमीची चौकट नव्हती. वेगळीच होती. "कार्यालयाकडून संदेश. वडिलांचा फोन आला होता. सहा दिवस तुमचा फोन बंद लागतो. घरी ताबडतोब फोन करा." खाली मधोमध, त्याच जागी, बटण. "पाहिलं."

प्लगने अजून नीट वाचलंही नव्हतं. पंख्याने मान वळवली, स्पंज आला, टेकला. पाहिलं. सर पुन्हा बोलायला लागले.

पुटपुट घरी नाही. मग आहे कुठे?

कार्यालयात नेटताई बसायच्या. कॉलेजचं सगळं इंटरनेट त्यांच्या एका पडद्यावर दिसायचं. कोण काय बघतंय, कुठे बसून बघतंय, किती वेळ. प्लग तिथे काहीतरी अर्ज घ्यायच्या निमित्ताने गेला. ताई फोनवर होत्या, फोन स्पीकरवर.

"अहो काका, कशाला एवढा जीव टांगणीला लावता? आत्ता या क्षणाला तो वसतिगृहात बसून थर्मल बघतोय. सकाळी सहापासून. अहो, असा पोरगा मिळायला नशीब लागतं!"

"मग फोन का उचलत नाही हो, मॅडम?" पलीकडून एक थकलेला आवाज. मागे शिलाई मशीनचा खडखडाट. पुटपुटचे वडील शिंपी होते, हे प्लगला ठाऊक होतं. पुटपुटच्या शर्टांना कधी एक टाका उसवलेला नसायचा.

"तुमचा निरोप दिला मी. त्याने पाहिलासुद्धा. दोन सेकंदांत! इथे दिसतंय ना मला."

मशीन थांबलं.

"पाहिला?"

"पाहिला म्हणजे पाहिला."

"मग रागावलाय," शिंपी म्हणाला. "मागच्या खेपेला मी जरा जास्तच बोललो होतो त्याला. बरं. त्याला लिहा, की राग सोड म्हणावं."

ताईंनी लिहिलं. खाली, तिसऱ्या कप्प्यात, पंख्याने तेही पाहिलं.

रविवारी मोडक्या खाटांवर सभा भरली. बत्तीसपैकी सव्वीस जण आले, बाकीचे आदल्या दिवशी मिळवलेल्या तासात मॅच बघत होते. सभा चालवली वकीलने. वकील म्हणजे तिसऱ्या वर्षाची पोरगी, वाद घातल्याशिवाय तिला जेवण जात नसे. तिचा फोन दुसऱ्या कप्प्यात होता.

"सांगायचं म्हणजे नेमकं काय सांगायचं?" ती म्हणाली. "की तो इथे नाही? मग विचारतील, हजर कसा? मग हे रॅक दाखवायचं. मग आपण सगळे गेलो. एकतीस जणांची परीक्षा एका जणासाठी?"

"पण तो हरवलाय," प्लग म्हणाला.

"हरवलाय कशावरून? फोन बंद आहे. माझाही परवा बंद होता, मी काय हरवले होते? एखादा मित्र असेल, मैत्रीण असेल. तू त्याचा खोलीवाला ना? तुला माहीत नाही तर आम्हाला काय माहीत?"

दीड वर्ष एका खोलीत राहून त्याला पुटपुटबद्दल ठाऊक होतं ते एवढंच, की तो पुटपुटतो.

मग सगळ्यांनी मिळून शोध घ्यायचं ठरवलं. आपल्या हातात जगातलं सगळं ज्ञान आहे, एक पोरगा सापडणार नाही का? सव्वीस जणांनी फोन काढले. कुणी त्याचं खातं काढलं, त्यावर एका ढगाचा फोटो होता. कुणी ढगाचा फोटो मोठा करून बघितला. एकाला त्याच नावाचा एक दंतवैद्य सापडला. चाळीस मिनिटांनी अर्धे जण मांजरांचे व्हिडिओ बघत होते आणि उरलेले त्यांना "दाखव, दाखव" म्हणत होते.

शेवटी वकीलने ठराव मांडला. येत्या शनिवारी सत्राची हजेरी बंद होते. याद्यांवर सह्या झाल्या की कुणी काही करू शकत नाही. शनिवारी संध्याकाळी प्लगने जाऊन सांगायचं. "सहा दिवसांचा तर प्रश्न आहे. तोपर्यंत तो स्वतःच येईल बघ, आणि आपल्याला शिव्या घालेल."

हात वर झाले. प्लगचाही झाला.

त्या आठवड्यात संदेश येत राहिले. शिंपी रोज फोन करायचा, नेटताई रोज लिहायच्या. सोमवारी आईचा आला. "आईला बरं वाटत नाही. एकदा बोल." पंख्याने पाहिलं. मग दुसरा, "इंजिनीअरिंग नको असेल तर सोड. कुणी काही म्हणणार नाही." पंख्याने पाहिलं. प्लगने पुटपुटचा फोन रॅकमधून काढून ठेवायचा विचार केला. पण मग पुटपुट गैरहजर लागला असता आणि नेटताईंनी विचारलं असतं. म्हणून त्याने फोन तिथेच ठेवला. रोज सकाळी तो स्पंज ओला करायचा, आणि आलेला संदेश वाचायचा, आणि वाचून होईस्तोवर पंखा उजवीकडे गेलेला असायचा.

मंगळवारी हॉलतिकिटाचा फोटो द्यायला तो कार्यालयात रांगेत उभा होता. एक हवालदार आला. घामाघूम, हातात कॉलेजांची यादी, त्यावर पाच नावं खोडलेली.

"ताई, तुमचा कुणी पोरगा गायब आहे का हो?" त्याने विचारलं. "सरकारी दवाखान्यात एक पोरगा पडून आहे. गाडीने उडवलं. वीसेक वर्षांचा. शुद्धीवर नाही. गळ्यात निळा पट्टा आहे कॉलेजचा, पण कार्ड कुठे तुटून पडलंय. खिशात काही नाही, फोनसुद्धा नाही."

"निळा पट्टा सगळ्याच कॉलेजांचा असतो हो," ताई म्हणाल्या.

"तेच तर. पाच कॉलेजं झाली माझी फिरून."

ताईंनी पडद्याकडे पाहिलं. "अकराशे चाळीसपैकी आमचे अकराशे चाळीस हजर. एकूण एक."

"सगळे?" हवालदाराला कौतुक वाटलं. "माझ्या चौकीत बारापैकी सात येतात."

तो हसला, ताई हसल्या, रांगेतली पोरं हसली. हवालदाराने सहावं नाव खोडलं. जाताना दारात त्याचा प्लगच्या खांद्याला धक्का लागला आणि तो "सॉरी हं बाळा" म्हणाला. प्लगने मनाशी म्हटलं, निळा पट्टा सगळ्यांचा असतो. त्याने मनाशी म्हटलं, पुटपुटकडे फोन होता, या पोराकडे नाही, म्हणजे हा तो नाही. हिशेब चोख होता. थर्मलमध्ये कधी असा चोख हिशेब त्याला जमला नव्हता. तोवर त्याचा नंबर आला आणि त्याने फोटो दिला.

शनिवारी सकाळी शिंपी स्वतः आला. हातात कापडी पिशवी, पिशवीत दोन नवे शर्ट. नेटताईंनी त्याला खुर्ची दिली आणि पडदा त्याच्याकडे वळवला. पडद्यावर कॉलेजचा नकाशा होता आणि त्यावर एक हिरवा ठिपका.

"हा बघा तुमचा मुलगा."

शिंप्याने चष्मा पुसला. बोटाने ठिपक्याला हात लावला. "इथे?"

"वसतिगृह, तळमजला. चला, मीच येते. एकदा समोरासमोर बसा आणि मिटवून टाका." ताईंनी टॅब्लेट घेतला. ताई मनाच्या चांगल्या होत्या.

कार्यालयातल्या कुणीतरी वकीलला कळवलं, वकीलने प्लगला. "दोघं निघालेत खाली! रॅक!" प्लग धावला. बत्तीस फोन हलवायला वेळ नव्हता. पण त्यांना सगळे कुठे हवे होते? त्यांना एकच ठिपका हवा होता. प्लगने तिसऱ्या कप्प्यातला डावीकडचा दुसरा फोन उचलला, खिशात घातला, आणि मागच्या दाराने पळाला.

"अगंबाई, हलला," टॅब्लेटवर बघत ताई म्हणाल्या. "वाचनालयाकडे निघाला."

दोघं वाचनालयाकडे वळले. प्लगने त्यांना येताना पाहिलं आणि तो कॅन्टीनमागून प्रयोगशाळेकडे गेला. ते प्रयोगशाळेकडे आले. तो मैदानाकडे. वायफाय बंद करायचं त्याच्या डोक्यात आलं, पण बंद केलं की गैरहजर, आणि सह्या व्हायला अजून पाच तास होते. आपल्या डोक्यात या क्षणालाही हे येतंय, याचं त्यालाच नवल वाटलं. शिंप्याचे गुडघे दुखत होते. दिवसभर मशीनवर बसणारा माणूस, त्याला पळायची सवय नव्हती. ताई पुढे टॅब्लेट धरून, "डावीकडे हो काका! नाही नाही, मागे!" आणि मागे शिंपी पिशवी छातीशी धरून. खिडक्यांत पोरं जमली. कुणीतरी व्हिडिओ काढायला लागलं.

मैदानाच्या मधोमध शिंपी थांबला. प्लग पाण्याच्या टाकीमागे होता, दहा पावलांवर.

"अहो काका, जवळच आहे तो," ताई म्हणाल्या. "टाकीपाशी."

"राहू दे, मॅडम," शिंपी म्हणाला. त्याला धाप लागली होती. मग तो टाकीकडे तोंड करून मोठ्याने बोलायला लागला. "बाळा! मी जातो. तू पळू नकोस. तुला दम्याचा त्रास आहे, पळू नकोस असा. शर्ट इथे ठेवतो. मी गेलो की घे."

त्याने पिशवी गवतावर ठेवली आणि पाठ फिरवली.

प्लगला दम्याचं ठाऊक नव्हतं. दीड वर्ष एका खोलीत राहून ठाऊक नव्हतं. तो टाकीमागून बाहेर आला. हातात फोन, फोनवर थर्मलचे सर.

"काका," तो म्हणाला. "तो मी आहे."

नेटताईंना मंगळवारचा हवालदार आठवला, आणि त्या दिवशी दुपारी ते सरकारी दवाखान्यात गेले. शिंपी, नेटताई, आणि प्लग. वॉर्डातल्या नर्सने रजिस्टर काढलं आणि बोट वरून खाली आणलं. अनोळखी पुरुष, वय अंदाजे वीस, मागच्या आठवड्यात सोमवारी सकाळी आणला. अकरा दिवस जिवंत होता. गुरुवारी गेला.

"मधे दोनदा डोळे उघडले होते त्याने," नर्स म्हणाली. "काहीतरी पुटपुटत होता. आम्हाला कळलं नाही."

फोन नंतर सापडला. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात, पडदा बदलून तयार. दुकानदाराकडच्या पावतीवर त्याच सोमवारची तारीख होती. पुटपुट कुणावर रागावला नव्हता आणि कुठे पळाला नव्हता. घरी फोन लागावा म्हणून फोन दुरुस्तीला टाकून तो रस्ता ओलांडत होता.

कॉलेजने चौकशी समिती नेमली. समितीने पंखा जप्त केला आणि रॅकची मोजमापं घेतली. एकतीस जणांना परीक्षेला बसू द्यावं की नाही यावर समितीत दोन तट पडले, म्हणून बसू दिलं. उपप्राचार्यांनी परिपत्रक काढलं, की यापुढे "हो" हे बटण विद्यार्थ्याने स्वतःच्या बोटाने दाबावं. प्लगला काढून टाकलं. रेक्टरांना त्याचं वाईट वाटलं. त्यांचा टीव्ही पुन्हा बिघडला होता.

पण हे सगळं पुढचं. त्या शनिवारी दवाखान्याच्या पायऱ्यांवर शिंपी बराच वेळ बसला होता. मग त्याने विचारलं, "म्हणजे तो माझ्यावर रागावला नव्हता?"

"नाही, काका."

"एकही निरोप त्याने पाहिला नाही?"

"नाही."

शिंप्याने मान हलवली. पुन्हा विचारलं, "रागावला नव्हता?" प्लगने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं. मग शिंपी उठला.

"चल माझ्याबरोबर. त्याच्या आईला तू सांगायचंस. माझ्याच्याने होणार नाही."

नेटताई म्हणाल्या, "अहो, लहान आहे तो."

"माझाही लहान होता," शिंपी म्हणाला.

घर म्हणजे दुकानाच्या मागची खोली. भिंतीला मापाच्या पट्ट्या लटकत होत्या. आई कापायच्या टेबलापाशी बसली होती, कुणीतरी आधीच फोन केला असावा, कारण तिचं रडून झालेलं दिसत होतं. प्लग दारातच उभा राहिला. त्याने सगळं सांगितलं. पंखा, रॅक, रविवारची सभा. मंगळवारी हवालदार आला तेव्हा आपण तिथे रांगेत उभे होतो, हेही सांगितलं, ते त्याने तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. शिंप्याने भिंतीला हात टेकला.

आई म्हणाली, "मागच्या शनिवारपासून तुला ठाऊक होतं."

"हो, मावशी."

"मंगळवारी तो तिथे होता. बुधवारीही होता."

"हो."

"मी त्याला लिहिलं होतं. मॅडमनी सांगितलं, पाहिलं म्हणून. मी देवाजवळ बसून होते, की पाहिलं तरी आहे, आता येईल. त्याने नाही पाहिलं?"

खोटं बोलायला जागा होती. पाहिलं असेल, मावशी, असं म्हणता आलं असतं, आणि ते म्हणणं दयेसारखंही दिसलं असतं. प्लगला ते शब्द ओठांपर्यंत आलेले कळले.

"नाही," तो म्हणाला. "कुणीच नाही. मी वाचले."

"सगळे?"

"अकरा होते. सगळे."

तिने कात्री बाजूला ठेवली. "मग म्हण."

"काय, मावशी?"

"काय लिहिलं होतं ते. मी सांगायचे आणि मॅडम लिहायच्या. काय लिहिलं आणि काय गाळलं, मला काय कळणार? तू वाचलेत ना? म्हण."

प्लग म्हणायला लागला. त्याला वाटलं होतं आठवणार नाहीत, पण एकेक शब्द आठवत होता. वडिलांचा फोन आला होता. राग सोड. आईला बरं वाटत नाही, एकदा बोल.

"मी तसं नव्हतं सांगितलं," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं, आईला करमत नाही."

"बरं वाटत नाही, असं आलं होतं."

तिने ते ऐकून घेतलं.

"पुढचा," ती म्हणाली.